मागची डावी सीट

गेल्या वर्षीचा दसरा. सकाळ. विश्रांतवाडी, आमच्या सोसायटीचं पार्किंग.

हजर: मी. अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त सरकारी ड्रायव्हर. आई, गुडघ्यांमुळे खाली न उतरता तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. गाडी: काळी, जर्मन, बरीच जुनी, आमच्याआधी तीन मालक पाहिलेली. गैरहजर: भाऊ. तो परदेशात असतो आणि सणाला व्हिडिओ कॉल करतो.

अण्णा पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये होते. आमच्याकडे हा दिवस धम्मदीक्षेचा. पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना करायची, घरी येऊन जेवायचं. पण अण्णांच्या हातात आपट्याच्या पानांची जुडी होती. आपट्याची पानं आमच्या घरात येत नाहीत. सोनं म्हणून पानं वाटणं हे आपलं नव्हे, असं त्यांनीच आम्हाला लहानपणी दटावून सांगितलं होतं.

आई वरून म्हणाली, "जन्मभर घरात एक पान येऊ दिलं नाहीत. आता साहेबासाठी मंडईतनं सोनं. वा."

अण्णा वर न बघता म्हणाले, "तुझ्यासाठी नाही आणलेलं."

गाडी बसलेली होती. तिला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. रात्रभरात हवा उतरते आणि सकाळी ती उंटासारखी गुडघे टेकून बसलेली असते. इंजिन चालू केलं की कुठूनतरी कण्हल्यासारखा आवाज येतो आणि ती हळूहळू उठते. सोसायटीत सगळ्यांना हे पाठ झालं आहे. समोरचे जोशी नसलेले पण तसेच बोलणारे एक काका रोज विचारतात, "काय मॅडम, आज उठणार की रजा?" त्या दिवशी अण्णा मागे जाऊन बसले तेव्हा काकांचं काम आईनं केलं. "दोघं एकदमच उठताय का? बघते कोण आधी उठतंय."

ही गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगितलं पाहिजे. मी हडपसरला सरकारी कचेरीत अधीक्षक आहे. मला दोन कामांसाठी गाडी हवी होती: विश्रांतवाडी ते हडपसर रोजचं जाणं-येणं, आणि आईला फिजिओथेरपीला नेणं. मी पर्याय काढले होते. सगळ्या छोट्या, शहाण्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या. अण्णांना सोबत नेलं, कारण घरात गाडीतलं कळणारा माणूस तोच. हडपसरच्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानात मी एकेक गाडी दाखवत होते आणि अण्णा एकच प्रश्न विचारत होते.

"यात मागे कोण बसणार?"

"आई बसेल."

"आई बसेल. अजून कोण बसेल असं विचारतोय."

ओळीच्या शेवटी ही उभी होती. मांजरी गावातल्या एका बिल्डरनं घेतलेली, त्याचे दिवस फिरल्यावर विकलेली, आणि मग कोणालाच न परवडलेली. किंमत एका बऱ्या दुचाकीएवढी. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "घेणं स्वस्त आहे मॅडम. ठेवणं तुम्ही बघा." अण्णांनी आयुष्यभर गाडी चालवली, पण त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. स्टिअरिंगला हात लावला नाही. सरळ जाऊन मागे डावीकडे बसले, दार लावून घेतलं, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

मी काच ठोकली. "अण्णा, कशी आहे?"

"आवाज येत नाही बाहेरचा," ते म्हणाले.

मी ती घेतली. का घेतली याचं व्यवहारी उत्तर माझ्याकडे नाही, त्यामुळे ते इथे देत नाही.

पुढच्या काही महिन्यांत गाडीनं एकेक गोष्ट सोडून दिली. मागचं उजवं दार चालत्या गाडीत आपोआप उघडायला लागलं. फिटर म्हणाला, याचं कुलूप मिळणार नाही, भंगारातल्या एखाद्या गाडीची वाट बघावी लागेल. तोवर त्यानं ते दार आतून पक्कं बंद करून टाकलं. मग मागचं डावं दार आतून उघडेना. बाहेरून उघडायचं. मी ते दुरुस्तीच्या यादीत वर घातलं. अण्णांनी ताडकन सांगितलं, "त्याला हात लावायचा नाही."

"अण्णा, तुम्ही आत अडकून पडाल."

"तू आहेस की उघडायला."

असं होतं ते. कचेरीत ज्या बाईसमोर लोक फाइल घेऊन उभे राहतात, तिला गाडी थांबवून, उतरून, वळसा घालून अण्णांचं दार उघडावं लागे. आणि ते लगेच उतरत नसत. आधी शर्टाची बाही नीट करत, मग एक पाय बाहेर, मग थोडं थांबून दुसरा.

तिसरी गोष्ट पुढच्या डाव्या सीटची. साहेब लोक मागे डावीकडे बसतात आणि समोरची सीट पूर्ण पुढे सरकवून घेतात, पाय लांब करायला. अण्णांनीही ती बटण दाबून सरकवली, डॅशबोर्डला टेकेपर्यंत. नंतर एकदा तिची मोटर जळली आणि सीट तिथेच राहिली. आता त्या जागी एखादी पिशवी मावते, माणूस नाही. म्हणजे हिशेब असा झाला की पाच जणांच्या या आलिशान गाडीत एक ड्रायव्हर आणि एक साहेब, एवढेच नीट बसू शकत होते. आईला मागे बसायचं तर अण्णांच्या दारातून शिरून, पलीकडे सरकत जावं लागे. तिच्या गुडघ्यांना ते जमेना. ती रिक्षानं फिजिओथेरपीला जायला लागली.

"माझ्यासाठी घेतलेली गाडी," ती शेजारणीला सांगायची, "फार छान आहे. गॅलरीतून फार छान दिसते."

अण्णा बरेचदा माझ्याबरोबर हडपसरपर्यंत येत, आणि गाडीत त्यांचे नियम होते. रेडिओ नाही. ड्रायव्हरनं आपणहून बोलायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं, आरशात मागे बघायचं नाही. मुंढव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की मी सवयीनं आरशात बघे आणि मागून बोटाच्या पेरानं सीटवर टक्‌ होई.

"रस्ता बघायचा."

"अण्णा, रस्ता थांबलाय."

"मग थांबलेला बघायचा."

एकदा मी विचारलं, "साहेब पेट्रोल भरायचे का हो?"

"सरकार भरायचं."

"मग लावा सरकारला फोन. काटा खाली आलाय."

ते हसले नाहीत. त्यांनी ज्या साहेबांकडे सर्वांत जास्त वर्षं काढली, तेही हसत नसत म्हणे.

त्या साहेबांच्या बंगल्यावर दसऱ्याला सगळा स्टाफ जाई. क्लार्क, शिपाई, सगळे आपट्याची पानं घेऊन. क्लार्क पुढच्या दारानं हॉलमध्ये जात. साहेब एकेकाकडून पानं हातात घेत, पाठीवर थाप मारत. अण्णा त्या दिवशी पहाटे गाडी धुऊन, तिला झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून उभे असत. आमच्या घरात यातलं काही होत नसताना ते तिथे हे सगळं करत, नोकरी होती. मग त्यांची पाळी. साहेब बाहेर येत. अण्णा पानं पुढे करत. साहेब म्हणत, "ठेव तिथे," आणि बॉनेटकडे बोट दाखवत. दर वर्षी. आवाज चढवून नाही, रागानं नाही. का, ते कोणी बोलत नसे. बोलायची गरज नव्हती. अण्णा पानं बॉनेटवर ठेवत, साहेब मागे बसत, आणि पहिल्या वळणावर पानं उडून जात.

हे अण्णांनी मला सांगितलेलं नाही. आईनं सांगितलं, भाजी निवडताना, हसत.

तर गेल्या दसऱ्याला अण्णांना काय हवं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. साहेबांच्या फाटकासमोर मागच्या सीटवरून उतरायचं. पुढच्या दारानं हॉलमध्ये जायचं. आणि पानं साहेबांच्या हातात द्यायची. त्यांनी आदल्या दिवशी मला सूचना दिल्या होत्या. गाडी आतून-बाहेरून पुसून घेणे. मागच्या काचांचे जाळीचे पडदे वर ओढून लावणे. "आणि विहारातून आल्यावर साडी बदल. ती पांढरी नको. भारीतली नेस. माझी मुलगी अधिकारी आहे हे दिसलं पाहिजे." मी जांभळी रेशमी साडी नेसले, मोत्याचं गळ्यातलं घातलं. त्यांनी स्वतःचे कपडे बदलले नाहीत. पांढरं आजच्या दिवसाचं आहे, म्हणाले.

एरंडवण्यात साहेबांच्या गल्लीत पोचलो तेव्हा अण्णा मागे अगदी ताठ बसलेले होते. आरशात बघायची परवानगी नव्हती, पण मी बघितलं. त्या वेळी टक्‌ झालं नाही.

"फाटकाला समांतर लाव," ते म्हणाले. "एकदाच हॉर्न. लांब नको."

मी हॉर्न दिला. इंजिन चालू ठेवून उतरले, वळसा घालून त्यांच्या दाराशी आले आणि हँडल ओढलं. हँडल हातात सैल आलं. पुन्हा ओढलं. आत कुठेतरी घरघर झाली आणि थांबली. दार उघडलं नाही.

आतून काच वाजली.

"अण्णा, उघडत नाहीये."

काही ऐकू गेलं नसावं. बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणूनच तर ही गाडी आवडली होती. मी काचेला तोंड लावून ओरडले, "पुढून या! माझ्या बाजूनं!"

आतून एकच शब्द आला. "नाही."

तेवढ्यात हॉर्न ऐकून फाटक उघडलं. एक पन्नाशीची बाई, साहेबांची सून, आणि तिच्या हाताला धरून साहेब. खूप म्हातारे झालेले, स्वेटर घातलेले, डोळे मात्र लख्ख.

"काही प्रॉब्लेम आहे का?" सूनबाई म्हणाली.

मी रेशमी साडीत, मागच्या डाव्या दाराचं हँडल धरून उभी. पडद्यांमुळे आतलं कोणी दिसत नव्हतं. गाडी आत्ता थोडी हलायला लागली होती. अण्णांनी पुढच्या दोन सीटच्या मधून पाय काढला असावा. गिअरच्या दांड्यावर काहीतरी आपटलं. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. मग ड्रायव्हरच्या दारातून आधी पांढरी पँट, मग पांढरा शर्ट, मग अण्णा बाहेर आले. केस विस्कटलेले. हातात पानं होती. ती त्यांनी सोडली नव्हती.

साहेबांनी त्यांना ताबडतोब ओळखलं. चेहरा खरोखर उजळला.

"अरे! तू! अजून चालवतोस?"

अण्णा उभे राहिले. टाचा जुळलेल्या. मला वाटतं ते त्यांना स्वतःला कळलं नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघून मान लववली, आणि अण्णांना विचारलं, "मॅडमची गाडी का?"

"होय साहेब," अण्णा म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. मिटलं. मी काही बोलले असते तर त्यांचा 'होय साहेब' खोटा पडला असता, आणि तो त्यांनी फार पटकन, फार सफाईनं म्हटला होता.

अण्णांनी पानं पुढे केली. साहेबांनी ती हातात घेतली. दोन्ही हातांनी. अण्णांचा हातही धरला आणि धरूनच ठेवला, म्हातारी माणसं धरतात तसा. "तुझ्यासारखा ड्रायव्हर पुन्हा मिळाला नाही रे," म्हणाले. बॉनेटकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना काही आठवत नव्हतं. ज्याची अण्णांनी इतकी वर्षं वाट पाहिली ते घडायला साहेबांना काहीच कष्ट पडले नाहीत, जाताजाता घडलं, आणि ते ड्रायव्हरसाठी घडलं.

"या ना मॅडम, आत या," सूनबाई मला म्हणाली. "काका, तुम्हाला पाणी पाठवते हं बाहेर."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला मुंढव्याच्या पुलावरून माहीत होती: रस्ता बघायचा.

मी आत गेले. मलाही तो हॉल बघायचा होता.

साधाच हॉल होता. शोकेस, सोफा, कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र. चहा आला. साहेब अण्णांबद्दल बोलत राहिले, कौतुकानं. "प्रामाणिक माणूस. वक्तशीर. सुरुवातीला आरशात बघायची खोड होती फक्त. ती मी मोडली." कशी मोडली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "तुमच्याकडे बघतो का आरशात?"

"नाही," मी म्हणाले.

"बघा!" साहेब सुनेला म्हणाले.

मी कुठे काम करते तेही त्यांनी विचारलं. सांगितलं. अधीक्षक म्हटल्यावर सूनबाईनं चहाबरोबर काजूकतली आणली. खिडकीतून अण्णा दिसत होते. त्यांनी डिकीतून फडकं काढलं होतं आणि बॉनेट पुसत होते. स्वच्छ होतं ते. सकाळी मीच पुसलं होतं.

निघताना सूनबाईनं मला एक स्टीलचा डबा दिला, कड्यांचा, झाकणावर नक्षी असलेला. "बासुंदी आहे. ड्रायव्हरकाकांना चिवडा दिलाय पुडीत. डबा सावकाश पाठवा हं, सेटमधला आहे. काकांबरोबर पाठवलात तरी चालेल."

सगळे फाटकापर्यंत आले. मला वाटलं, आता मजा. दार उघडत नाही, पुढे जागा नाही, रेशमी साडीत मी गिअरवरून उडी मारून मागे जाणार आणि साहेब बघणार. अण्णा माझ्यापुढे झाले, मागच्या डाव्या दाराशी गेले आणि हँडलला दोन बोटं लावली. दार उघडलं. हलकेच, लोण्यासारखं. ते दार धरून उभे राहिले, दुसरा हात दाराच्या वरच्या काठावर, माझं डोकं आपटू नये म्हणून.

मी बसले. दार लागलं. बाहेरचा आवाज बंद झाला.

सीट खरंच चांगली होती. या आधी मी तिथे कधी बसलेच नव्हते.

मला वाटलं, कोपऱ्यावर थांबतील. नाही थांबले. संगमपुलाच्या सिग्नलला थांबले तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, आता द्या माझ्याकडे. तुमचं लायसन्स संपलंय."

सिग्नल सुटला. त्यांनी गाडी पुढे काढली.

"अण्णा, मी सांगायला पाहिजे होतं का?"

"ड्यूटीवर बोलत नाही," ते म्हणाले. आरशात पाहिलं नाही. मी मात्र सगळा रस्ताभर आरशात त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, आणि ते डोळे फक्त रस्त्यावर होते.

पार्किंगमध्ये त्यांनी गाडी रेघेला रेघ जुळवून लावली. इंजिन बंद केलं. किल्ली काढली. पुडी उचलली. उतरले, दार लावलं, आणि जिन्याकडे चालायला लागले.

मी आतून हँडल ओढलं. अर्थात.

काच ठोकली. ते वळले नाहीत. गाडी माझ्यासकट हळूहळू खाली बसायला लागली. मांडीवर डबा, त्यातली बासुंदी एका बाजूला कलत होती. वर गॅलरीत आई उभी होती. तिनं अण्णांना ड्रायव्हरच्या दारातून उतरताना पाहिलं होतं आणि आता मागच्या पडद्यामागे कोण आहे ते तिला कळलं होतं. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. समोरचे काका मात्र खालून हसले, म्हणजे चांगलंच असणार.

मी डबा आधी पुढे ठेवला, साडी खोचली, आणि अण्णांच्याच वाटेनं बाहेर आले.

त्यानंतर अण्णा त्या गाडीत बसले नाहीत. पुढे नाही, मागे नाही. मी एकटी तीत हडपसरला जाते-येते. कोणी सीटवर टकटक करत नाही. विहारात ते बसनं जातात. कुठे निघालात विचारलं तर जरा बाजूला होऊन वाट देतात आणि "मॅडम" म्हणतात. पहिल्यांदा आई हसली. आता तीही हसत नाही.

बासुंदी त्या रात्री आईनं आणि मी खाल्ली. चिवड्याची पुडी अण्णांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आहे, न उघडता. आईनं डबा घासून मिक्सरशेजारी ठेवला. दिवाळीत म्हणाली, "अहो, रिकामा कसा द्यायचा? करंज्या भरू का लाडू?"

अण्णा पेपर वाचत होते. "मॅडमना विचार."

"आणि नेणार कोण?"

त्यांनी पान उलटलं. माझ्याकडे बघितलं नाही.

करंज्या संपल्या, लाडू संपले, संक्रांत झाली. दर रविवारी मी आठवड्याची कामं लिहिते, तेव्हा पहिलं तेच असतं. डबा परत करायचा आहे. काय भरायचं आणि कोणी न्यायचा, दोन्ही ठरायचंय.